तोडु

दिवसभर मी जंतू बघते.
सिव्हिलच्या मागे, पॅथॉलॉजीच्या खोलीत
काचपट्टीवर आधी जांभळा रंग, मग लाल,
मग भिंगाखाली काड्या, ठिपके, साखळ्या.
सापडला की लिहायचं : पॉझिटिव्ह.
इतका उलटा शब्द दुसरा नसेल.

एप्रिलात अंबादासचा रिपोर्ट मीच लिहिला.
नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही गढूळ,
कारखान्यात माठ एक, तोंडं बावीस.
टायफॉइड. चौदा दिवस सलाइन आणि सुया.
ताप उतरला, नवरा घरी आला,
पोट काही घरी आलं नाही.
भात नको, वरण नको,
शेंगाचटणी दाखवली तरी तोंड फिरवायचा.

डॉक्टर म्हणाले, "चोर हाकलताना
गल्लीतले रहिवासीही गेलेत.
दही द्या. ताजं. घरचं."

घरचं!
मी वॉर्डात होते तेव्हा
फडताळातल्या माझ्या विरजणावर
गुलाबी बुरशी चढली होती.
डेअरीचं पाकीट आणून लावून पाहिलं,
तार सुटली नुसती.

गल्लीत दही लागावं तर महानंदाबाई बिराजदारांचं,
सुरीने कापावं असं.
आणि त्यांच्याशी आमचं बोलणं बंद.
मोटार लावून आमच्या वाट्याचं पाणी ओढता, म्हणून
गड्ड्याच्या जत्रेआधी मीच ओरडले होते
सगळी गल्ली दारात येईपर्यंत.

तिन्हीसांजेला विरजण मागू नये म्हणतात.
मी तेव्हाच गेले, हात रिकामे.
त्या उंबऱ्यात उभ्या. म्हणाल्या, "हेप्पु?"
मी म्हटलं, "तोडु."
त्यांची कन्नड, माझी तेलुगू,
भांडणाची मराठी दोघींनीही टाळली.

आमच्यात तोडु म्हणजे विरजण
आणि तोडु म्हणजे सोबत.
मराठीत तोड म्हटलं की कापणं आलं.
त्यांची पितळी वाटी पदराखाली धरून
मी जिना उतरले. बोलले काही नाही.

दूध उकळून निवू दिलं.
करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे;
चटका बसला तर ते मरतात,
गार असलं तर झोपून राहतात.
चमचाभर पुरे. जास्त घातलं की आंबट.
मे महिन्यात आपल्याकडे चार तासांत लागतं
आणि सहाव्या तासाला दात आंबवतं,
म्हणून रात्री उशिरा लावायचं, पहाटे उठून बघायचं.
थंडीत गुंडाळायला
किनार चुकलेली एक चादर आहे, त्याच्याच मागावरची.

पहिल्या दिवशी दोन चमचे. बस.
मग पातळ ताक, जिरं, मीठ.
मग ज्वारीची आंबील, पण
शिजताना ताक घालायचं नाही,
खाली उतरवून, कोमट झाल्यावर.
कढी त्याला आवडते, म्हणून एकदा केली;
ती जिभेसाठी, त्यात जिवंत कोणी उरत नाही.

एक दिवस डबीतून थेंबभर दही
लॅबमध्ये नेलं. तोच जांभळा, तोच लाल.
भिंगाखाली काड्या, साखळ्या, जांभळ्याजर्द,
खेटून उभ्या, रेशनच्या रांगेतल्या बायकांसारख्या.
ग्रॅम पॉझिटिव्ह.
पहिल्यांदाच तो शब्द सुलटा वाटला.
रिपोर्टात यांच्यासाठी रकाना नव्हता.
पट्टी धुवायला टाकताना हात जरा अडला.

नवव्या दिवशी अंबादासने
कडक भाकरी स्वतः मोडली, दह्यात कुस्करली,
आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."
मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

गुरुवारी पहाटे चारला
वर पुन्हा मोटार घुरघुरली.
ओट्यावर त्यांची वाटी घासून ठेवलेली.
वाटी रिकामी परत देत नाहीत;
मी शेंगाचटणी भरली, काठोकाठ,
वर गेले, दार वाजवलं,
वाटी हातात दिली
आणि पाण्यावरून ओरडायचं ते ओरडलेच.